माध्यम जितकं दाट तितकी लहर वेगात जाते, हे खरं आहे का? सगळ्यात वेगवान यांत्रिक लहर (म्हणजे हवा, पाणी, खडक अशा माध्यमातूनच जाणारी) कोणती?

नाही, हे खरं नाही, पण क्लासमध्ये बऱ्याचदा हेच पाठ करून घेतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. शिसं लोखंडापेक्षा जड आहे ना, तरी शिशातून आवाज लोखंडाच्या निम्म्याहून कमी वेगाने जातो. माध्यम दाबलं की ते किती जोर लावून परत जागेवर येतं त्यावर वेग ठरतो, वजन उलट लहरीला मागे ओढतं. पोलाद हवेपेक्षा जड आहेच पण कडकपणा त्याहून कितीतरी पटीने जास्त, म्हणून आवाज हवेत सेकंदाला 343 मीटर, पाण्यात 1480 च्या आसपास आणि पोलादात 5000 च्या वर.

तंबोरा लावताना बघा, खुंटी पिळली की तार तीच राहते, फक्त ताण वाढतो, लहर जोरात पळते आणि सूर चढतो. खर्जाची तार जाड, तिच्यावर लहर सावकाश जाते.

आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेचे धक्के लहानपणापासून अंगवळणी पडलेले. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे मोठा भूकंप झाला त्याबद्दल आजी सांगायची की आधी जमीन गुरगुरली आणि मग घर हललं. ते अगदी बरोबर आहे, कारण खडकातून भूकंपाची प्राथमिक लहर (आधी पोचणारी) सेकंदाला साधारण 6 किमी जाते आणि जोरात हलवणारी दुय्यम लहर साडेतीन, म्हणजे केंद्रापासून 40 किमीवर दोघींत जवळपास 5 सेकंदांचं अंतर पडतं. दुय्यम लहर द्रवातून जातच नाही, कारण ती माध्यम आडवं हलवत जाते आणि पाणी आडवं सरकवलं तर ते परत जागेवर येत नाही.

सगळ्यात वेगवान म्हणाल तर पृथ्वीच्या पोटात हीच प्राथमिक लहर, मँटलच्या (पृथ्वीच्या कवचाखालच्या जाड खडकाळ थराच्या) तळाशी ती सेकंदाला 13 किमीच्या वर जाते. त्सुनामीचं गणित वेगळं, तिथे पाण्याची खोली महत्त्वाची, 4000 मीटर खोल समुद्रात ती सेकंदाला 200 मीटर, म्हणजे ताशी 700 किमी. 2004 ला सुमात्राजवळ भूकंप झाला तेव्हा त्याच्या लहरी चार-पाच मिनिटांत चेन्नईला पोचल्या पण समुद्राची लाट यायला साधारण अडीच तास लागले, आणि इतका वेळ हातात असूनही किनाऱ्यावरच्या लोकांना कोणी सांगितलं नाही. हैदराबादचं त्सुनामी इशारा केंद्र त्यानंतर, 2007 मध्ये सुरू झालं.