गुण जास्त, मग पर्सेंटाइल कमी कसा?

प्रश्न : माझी मुलगी बारावीत आहे. जानेवारीच्या जेईई मेनमध्ये तिला ३०० पैकी १४२ गुण आणि ९८.० पर्सेंटाइल मिळाला. दुसऱ्या दिवशी परीक्षा दिलेल्या तिच्या मैत्रिणीला १३६ गुणांवर ९८.२ मिळाला. हा अन्याय नाही का? एप्रिलमध्ये पुन्हा बसावे का? – एक पालक, मडगाव

उत्तर : नमस्कार. शाळेच्या प्रगतिपुस्तकामुळे ९८ हा आकडा दिसला की आपल्याला शंभरापैकी ९८ गुण आठवतात, आणि बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतो. पर्सेंटाइल म्हणजे गुण नव्हेत. स्वतःच्या शिफ्टमध्ये, म्हणजे त्याच वेळी तोच पेपर दिलेल्यांमध्ये, आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण किती टक्के विद्यार्थ्यांना मिळाले, एवढेच तो सांगतो. समजा, आपल्या मुलीच्या शिफ्टला ५०,००० विद्यार्थी होते आणि त्यांतल्या ४९,००० जणांना १४२ किंवा त्याहून कमी गुण पडले, तर तिचा पर्सेंटाइल ९८ होतो. मैत्रिणीच्या शिफ्टमधील ४०,००० पैकी ३९,२८० जण १३६ किंवा त्याखाली असतील, तर तिचा ९८.२ येतो. तो पेपर अधिक कठीण होता, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

हा अर्थ लावता येतो, कारण कोणाला कोणती शिफ्ट मिळेल हे हुशारीवर ठरत नाही आणि एवढ्या मोठ्या संख्येत दोन्ही गटांची कुवत साधारण सारखीच राहते. दोन्ही पेपरांत काही प्रश्न समान ठेवून काठिण्य थेट मोजण्याची पद्धतही आहे, पण आज विचारलेला प्रश्न उद्या सर्वांना माहीत होतो, तिथे ती चालणार नाही. गोवा बोर्ड आणि सीबीएसई यांच्या गुणांना मात्र पर्सेंटाइलचा हाच न्याय लावणे मला कधीच पटले नाही, कारण कोणते मूल कोणत्या बोर्डात जाते हे चिठ्ठ्या टाकून ठरत नाही. २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या क्रमवारीत बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होते आणि त्यासाठी बोर्डांचे गुण असेच जुळवून घेतले जात. २०१७ पासून ते बंद झाले.

एप्रिलची परीक्षा जरूर द्यावी. दोन्हींपैकी चांगला एकूण पर्सेंटाइल धरला जात असल्याने त्यात गमावण्यासारखे काही नाही. तयारीची दिशा ठरवताना स्कोअरकार्डवरील भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित यांचे आकडे वेगवेगळे पाहावेत. त्यांची सरासरी काढून एकूण पर्सेंटाइलशी ताडू नये, कारण एकूण पर्सेंटाइल एकूण गुणांवरून स्वतंत्रपणे काढतात. कुंकळ्ळीच्या एनआयटीचा (राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचा) विचार असेल, तर तिथल्या काही जागा गोव्यातील विद्यार्थ्यांसाठी राखीव कोट्यात आहेत, म्हणून मागील वर्षी त्या कोट्यात शेवटचा प्रवेश कोणत्या क्रमांकावर झाला, हे शाखेनुसार पाहून मगच अंदाज बांधावा.