पेर्सॉन आणि रियँ : नकार नेमका कुठे आहे?

प्रश्न असा : फ्रेंचमध्ये 'पेर्सॉन' म्हणजे 'कोणी नाही'. मग 'पेर्सॉन ने व्हन्यू' (कोणी आलं नाही; 'ने' म्हणजे 'न' अधिक सहायक क्रियापद 'ए') म्हणताना क्रियापदाआधी पुन्हा 'न' कशाला? नकार दोनदा होत नाही का?

इथे इंग्रजी बाजूला ठेवा आणि मराठीतून बघा. 'कोणी आलं नाही' यात 'कोणी' नकारी नाही. नकार क्रियापदापाशी आहे. फ्रेंचचंही मूळ हेच. पेर्सॉन म्हणजे मुळात 'व्यक्ती', आणि रियँ (काही नाही) लॅटिनमधल्या 'वस्तू' या अर्थाच्या शब्दातून आला. 'न'च्या सोबतीला राहून राहून दोघांना नकाराचा रंग चढला, इतका की आज 'कोण आहे?' याला नुसतं 'पेर्सॉन' एवढंच उत्तर पुरतं. आपल्याला मात्र 'कोणी नाही' असं पूर्ण म्हणावं लागतं.

म्हणून कर्ता असो की कर्म, लिहिताना 'न' हवाच : 'रियँ न मार्श' (काहीच चालत नाहीये), 'झ न व्वा पेर्सॉन' (मला कोणी दिसत नाही). बोलताना फ्रेंच लोक तो सर्रास गाळतात. 'पा' (साध्या नकारात 'न'सोबत येणारा दुसरा शब्द) मात्र इथे घालू नका. 'पेर्सॉन ने पा व्हन्यू' म्हटलं की दोन नकार खरोखरच एकमेकांना खोडतात.

खरी गंमत कर्माच्या जागेत आहे. 'मी काही पाहिलं नाही' हे 'झ ने रियँ व्ह्यू'. रियँ सहायक क्रियापद ('ने'मधला 'ए') आणि कृदंत ('व्ह्यू', म्हणजे 'पाहिलं') यांच्या मध्ये, म्हणजे 'पा' बसतो त्याच जागी. पण 'मी कोणाला पाहिलं नाही' हे 'झ ने व्ह्यू पेर्सॉन'; पेर्सॉन कृदंताच्या मागे. माझ्या वहीत ही दोन वाक्यं मी एकाखाली एक लिहून ठेवली होती, आणि नियमापेक्षा त्या जोडीनेच ते डोक्यात बसलं. 'ओकँ' (एकही नाही) नामाला धरून राहतो, त्यामुळे तोही कृदंतानंतरच येतो.

लिंगाकडेही लक्ष असू द्या. 'व्यक्ती' या अर्थाने पेर्सॉन स्त्रीलिंगी, पण 'कोणी नाही' या अर्थाने पुल्लिंगी. आपण अशा वेळी नपुंसकलिंग वापरतो : कोणी आलं नाही.

आणि हा फ्रेंच 'न' आपल्या 'न'चा सख्खा नातेवाईक आहे. लॅटिन आणि संस्कृत या दोन वाटांनी आलेले दोघे एकाच मुळाचे.