घरच्या लोणच्याच्या लेबलसाठी हाताने लिहिल्यासारखा मराठी फॉन्ट कोणता? सगळं लेबल त्यातच केलं तर चालेल का?

फॉन्ट 'कलम' घ्या. सगळं लेबल मात्र त्यात करू नका.

'कलम' इंडियन टाइप फाउंड्रीचा आहे. लिपी रावल आणि जॉनी पिनहॉर्न यांनी तो केला, आणि गूगल फॉन्ट्सवर तो मोफत मिळतो. विकायच्या मालावरही बिनधास्त वापरता येतो. लाइट, रेग्युलर, बोल्ड अशा अक्षरांच्या तीन जाड्या आहेत. अक्षरं तिरकी, टोकं गोलसर, आणि अक्षरांतल्या गाठी (छोटी गोल वळणं) भरलेल्या, बॉलपेनने भरभर लिहिताना होतात तशा. त्यात सुलेखनाचा थाट नाही, घरातल्या कुणीतरी वहीत लिहिल्यासारखं वाटतं, म्हणूनच मला तो फार आवडतो. 'यात्रा वन' हा फॉन्टही पाहाल कदाचित. पण त्याचं मूळ मुंबई लोकलच्या रंगवलेल्या पाट्यांमध्ये आहे, त्यामुळे त्याचा बाज वेगळा.

माझा नियम साधा आहे. घरचं माणूस बरणीवर खरोखर जे लिहील तेवढंच हस्ताक्षरात ठेवायचं: 'कैरीचं लोणचं', 'तिखट बेताचं', 'कोरडा चमचा वापरा'. घटक, वजन, तारीख, परवाना क्रमांक यांना 'मुक्त'सारखा सरळ फॉन्ट द्या. बारीक आकारात तिरक्या अक्षरांवरचे अनुस्वार आणि मात्रा एकमेकांत मिसळतात, त्यात बरणीचा गोलवा. ही माहिती गिऱ्हाइकाला डोळे न ताणता वाचता आलीच पाहिजे.

ब्रँडचं नाव तर कुठल्याच फॉन्टमध्ये नको. मोठ्या आकारात एकच अक्षर दोनदा आलं की दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात आणि ते हाताचं नाही हे लगेच कळतं. लोणचं जी घालते तिच्याकडूनच जाड स्केचपेनने पाच-सहा वेळा लिहून घ्या, बरं आलेलं स्कॅन करा. त्याची सर फॉन्टला येणार नाही.

दुसरा एखादा फॉन्ट आवडला तर आधी आपलेच शब्द टाइप करून बघा. हस्ताक्षराच्या पुष्कळ फॉन्टमध्ये देवनागरी नसतेच; सॉफ्टवेअर गुपचूप दुसराच फॉन्ट लावतं. 'दुसऱ्या', 'कुऱ्हाड' नीट उमटतात का, ल आणि श मराठी वळणाचे आहेत का, हेही पाहा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. 'कलम' मुळातच तिरका आहे, त्यावर इटॅलिक लावू नका. दोन ओळींत मात्र जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटली तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा.

छापखान्यात फाइल देताना अक्षरांचे कर्व्ह करून, म्हणजे त्यांचं फॉन्टऐवजी रेषांच्या आकारांत रूपांतर करून, पीडीएफ द्या. त्यांच्याकडे 'कलम' नसला तरी अडत नाही.