अमेरिकेतले सुपर पॅक म्हणजे कायदेशीर लाचच नाही का? आणि आपल्या निवडणूक रोख्यांपेक्षा ते बरे कसे?

लाच म्हणायची असेल तर खुशाल म्हणा, मी अडवणार नाही. सुपर पॅक म्हणजे उमेदवाराच्या हातात पैसे न देता, त्याच्या बाजूने किंवा विरोधात स्वतंत्रपणे खर्च करायला हवा तेवढा पैसा गोळा करणारी समिती. कायद्याच्या भाषेत ती लाच ठरत नाही, कारण उमेदवाराशी संगनमत न करता केलेल्या खर्चातून भ्रष्टाचार होत नाही, असं इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये 'सिटिझन्स युनायटेड' खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवून टाकलं. सगळे त्याच निकालाला शिव्या देतात. पण सुपर पॅक निघाले ते त्यानंतर दोन महिन्यांनी अपील न्यायालयाने दिलेल्या 'स्पीचनाऊ' निकालातून. आणि खरं मूळ १९७६च्या 'बकली' निकालात आहे. उमेदवाराच्या हातात पैसे देण्यावर मर्यादा चालेल, स्वतंत्रपणे खर्च करण्यावर चालणार नाही, हे तेव्हाच ठरलं. साधे पॅक, जे एका माणसाकडून वर्षाला ५,००० डॉलरपर्यंतच घेतात आणि उमेदवाराला एका निवडणुकीत तेवढेच देतात, त्यांच्यावर माझा राग नाही.

राग कशावर आहे ते सांगते. काही वर्षांपूर्वी न्यू जर्सीत आमच्या ओळखीतली एक मुलगी काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, प्रायमरीला (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीला) उभी राहिली आणि मी तिच्या प्रचाराची खजिनदार झाले. आयुष्य अकाउंट्समध्ये गेलेलं, त्यामुळे हिशोबाची भीती नव्हती. २०० डॉलरच्या वर देणाऱ्या प्रत्येकाचं नाव, पत्ता, व्यवसाय आणि नोकरीचं ठिकाण निवडणूक आयोगाला कळवावं लागतं आणि ते वेबसाइटवर साऱ्या जगाला दिसतं. कंपनीच्या खात्यावरचा चेक आला की परत. नवरा-बायकोच्या जॉइंट चेकवर एकाचीच सही असली तर ती देणगी एकाचीच. व्यवसायाचा रकाना रिकामा ठेवणाऱ्यांना मी रात्री जेवणं उरकल्यावर फोन करायचे. "अगं, मी तर घरीच असते, काय लिहू?" असं मंडळातल्या काकू विचारायच्या, आणि मी 'होममेकर' लिहून घ्यायचे. पंचवीस-पंचवीस डॉलर देणाऱ्या बायका होत्या त्या. त्यांचं नाव कुठे छापूनही येणार नव्हतं, तरी देत होत्या. मला अजून त्यांचा अभिमान वाटतो.

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमानंतर आमच्या भागातले एक वजनदार गृहस्थ पाकीट घेऊन आले. स्वतःच्या नावाने द्यायची तेवढी कमाल रक्कम त्यांनी आधीच दिली होती. पाकिटात चार चेक, दोन भाच्यांचे आणि दोन त्यांच्या ऑफिसमधल्या पोरांचे. चारही चेकवर नाव, रक्कम, तारीख एकाच निळ्या शाईत, एकाच वळणदार अक्षरात. सह्या तेवढ्या वेगळ्या. त्यातला एक मुलगा एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर होता, हे मला पक्कं माहीत होतं; अशा परदेशी नागरिकाला देणगी द्यायला बंदीच आहे.

"काका, पैसे कोणाचे?"

"घरचेच की ताई. सगळे असंच करतात."

मी पाकीट तिथेच परत दिलं. दुसऱ्याच्या नावाने देणगी देणं हा इथे फेडरल गुन्हा आहे. दिनेश डिसूझा, मुंबईत जन्मलेले, मूळ गोव्याच्या घरातले, २०१४मध्ये याच भानगडीत दोषी ठरले. सेनेटच्या एका उमेदवाराला दुसऱ्यांच्या नावाने २०,००० डॉलर पोचवले म्हणून देखरेखीच्या केंद्रात आठ महिने काढावे लागले. २०१८मध्ये ट्रम्प यांनी माफी दिली, ती गोष्ट वेगळी. चेक घेतले असते तर त्या पोराचा व्हिसा, त्या मुलीचं राजकारण आणि माझी सही असलेला अहवाल, तिन्ही गोत्यात आले असते.

आता त्याच प्रायमरीची दुसरी बाजू. प्रतिस्पर्ध्याच्या वेबसाइटवर लाल चौकटीत काही वाक्यं होती: अमुक भागातल्या ज्येष्ठ मतदारांनी आमच्या उमेदवाराबद्दल हे 'वाचायला हवं'. या धंद्यातल्या सगळ्यांना कळतं की हा सुपर पॅकला दिलेला इशारा असतो: 'पाहायला हवं' म्हणजे टीव्ही आणि 'वाचायला हवं' म्हणजे घरोघरची पत्रकं. थोड्याच दिवसांत आमच्या टपालपेटीत गुळगुळीत कागदाची पत्रकं पडू लागली, जवळपास त्याच शब्दांत, एका नव्याकोऱ्या सुपर पॅकच्या नावाने. चौकट सगळ्या जगाला दिसते, म्हणून ते संगनमत नाही! देणगीदार कोण, ते मतदान उरकल्यावर कळलं, कारण सुपर पॅकच इतक्या उशिरा काढला होता की अहवालाची तारीख मतदानानंतर पडावी. आम्ही हरलो.

२०२४मध्ये एकट्या इलॉन मस्क यांनी ट्रम्प आणि त्यांच्या पक्षासाठी २५ कोटी डॉलरहून जास्त ओतले, आपल्या सुपर पॅकच्या मागणीपत्रावर सही करणाऱ्या एकेकाला रोज दहा लाख डॉलर दिले, फिलाडेल्फियाच्या सरकारी वकिलांनी कोर्टात नेलं तरी ते थांबलं नाही. ज्या आयोगाने लक्ष ठेवायचं, त्यात सहा जागा, एका पक्षाचे जास्तीत जास्त तीन, आणि कुठलाही निर्णय घ्यायला चार मतं. २०२५च्या मे महिन्यात तिथे चार माणसंही उरली नाहीत. माझ्यासारखी खजिनदार मात्र 'होममेकर'साठी रात्री फोन करते.

रोख्यांचं विचारलंत. १५ फेब्रुवारी २०२४ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ते एकमताने रद्द केले, कारण देणारा मतदाराला दिसत नव्हता. सुपर पॅकमध्ये देणारा निदान कागदावर दिसतो, तेवढ्यापुरते ते बरे. पण तोच पैसा आधी एखाद्या 'समाजकल्याण' संस्थेत घालून मग सुपर पॅककडे वळवला की अहवालात फक्त संस्थेचं नाव येतं, आणि मग फरक उरत नाही.

पैशाने निवडणूक विकत मिळतेच असंही नाही. न्यूयॉर्कचे माजी महापौर, अब्जाधीश ब्लूमबर्ग यांनी २०२०मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीत स्वतःचे शंभर कोटी डॉलर जाळले आणि जिंकलं काय, तर अमेरिकन सामोआ ही चिमुकली बेटं. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या प्रायमरीत घरचे एक कोटीहून जास्त डॉलर घालून तिसरे आले. २०२२मध्ये काँग्रेसच्या प्रायमरीत मात्र विरोधकासाठी इस्रायलसमर्थक सुपर पॅकने लाखो डॉलर ओतले, तरी तेच जिंकले. अर्थात स्वतःचे पैसे हवे तेवढे घालायची मुभाही त्या 'बकली' निकालानेच दिली आहे.

"ताईंच्या सोवळेपणामुळे आपली पोरगी पडली," असं ते गृहस्थ अजून बार्बेक्यूला सांगतात. काका हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी लिहिते: चार चेकांनी त्या पत्रकांच्या टपालखर्चाचा कोपराही भरला नसता. इतकी तळमळ होती, तर शनिवारी दारं ठोठवायला यायचं होतं. त्या काकू आल्या होत्या, गुडघे दुखत असताना.

हे सगळं फेडरल निवडणुकांबद्दल आहे. राज्याच्या निवडणुकांचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे. परदेशी नागरिकांवरची बंदी मात्र सगळीकडे आहे, अगदी स्कूल बोर्डापर्यंत. तुम्ही एच-वन-बीवर असाल तर ग्रीन कार्ड मिळेपर्यंत कोणालाही एक डॉलर देऊ नका, कोणी कितीही 'घरचेच' म्हणालं तरी. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून काम करायला मात्र मनाई नाही, आणि दारोदार फिरायला माणसं नेहमीच कमी पडतात.