मधुमेही माणसाला साखर पाजायची?

प्रश्न : माझे वडील ६७ वर्षांचे. मधुमेह जुना, दोन वेळा इन्सुलिन घेतात. गेले काही महिने त्यांना पातळ, तेलकट संडास होते आणि वजनही बरंच उतरलंय. पोटाच्या डॉक्टरांनी ‘डी-झायलोज’ नावाची साखर पाण्यातून पाजून पाच तासांची लघवी गोळा करायला सांगितली आहे. मधुमेही माणसाला साखर कशी पाजायची? आणि दुखणं पोटाचं असताना तपासायची लघवी, हे कसं?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : लघवीचं आधी सांगते, म्हणजे साखरेची भीती आपोआप कमी होईल. मी डॉक्टर नाही, पण उभी नोकरी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बायोकेमिस्ट्रीच्या टेबलावर झाली.

झायलोज ही लाकडात, दाणे काढलेल्या मक्याच्या कणसात सापडणारी साधी साखर. ग्लुकोजमध्ये सहा कार्बन असतात, हिच्यात पाच. ती पचवावी लागत नाही. ना पित्त लागतं, ना स्वादुपिंडाचा रस. लहान आतड्याच्या वरच्या भागाचं अस्तर धड असेल तर ती थेट रक्तात जाते, आणि शरीराला तिचा पुरता उपयोग करता येत नसल्यामुळे बरीचशी लघवीवाटे बाहेर पडते. मोठ्या माणसाला २५ ग्रॅम दिली, तर पाच तासांत साधारण ४ ग्रॅम किंवा जास्त लघवीत यायला हवी. कमी आली तर संशय आतड्याच्या अस्तरावर. पुरेशी आली आणि तरी संडास तेलकट, तर डॉक्टर स्वादुपिंडाकडे वळतात. तुमच्या डॉक्टरांना हीच निवड करायची असणार.

आमच्याकडे हे मोजायला रो आणि राइस यांची १९४८ची पद्धत होती. पातळ केलेल्या लघवीत पॅरा-ब्रोमोअ‍ॅनिलिन घालायचं, ७० अंशांच्या वॉटर बाथमध्ये दहा मिनिटं ठेवायचं आणि मग नळ्या तासाभराहून जास्त वेळ अंधारात. आम्ही कपाटात ठेवायचो. दार उघडलं की गुलाबी रंग दिसायचा. जितका गडद, तितकी साखर जास्त. आता ही चाचणी करणाऱ्या लॅब थोड्याच उरल्यात, तेव्हा आधी फोन करून विचारा.

आता मधुमेह. झायलोजने रक्तातलं ग्लुकोज फारसं वाढत नाही. काळजी वेगळ्याच दोन गोष्टींची आहे. एक म्हणजे उपास. रात्रभर पोट रिकामं आणि वर चाचणीचे पाच तास, पाण्याशिवाय काही नाही. त्या सकाळचं इन्सुलिन किती घ्यायचं, घ्यायचं की नाही, हे डॉक्टरांकडून आदल्या दिवशीच लिहून घ्या. रोजच्या सवयीने टोचून मोकळे झाले, तर साखर धाडकन खाली येईल.

दुसरी गोष्ट घरच्या ग्लुकोमीटरची. जीडीएच-पीक्यूक्यू प्रकारच्या पट्ट्यांना ग्लुकोज आणि झायलोज यांतला फरक कळत नाही. त्या आकडा खोटाच वाढवून दाखवतात. तो बघून कुणी जादा इन्सुलिन दिलं तर जिवावर बेतू शकतं. अमेरिकेच्या एफडीएने २००९ साली याबद्दल जाहीर इशारा दिला होता. पट्टीच्या डबीतला कागद वाचा, नाहीतर औषधाच्या दुकानात विचारा. खात्री नसेल तर त्या दिवशीची साखर लॅबमध्येच तपासा. मधेच घाम फुटला, हात थरथरले, तर मात्र चाचणी गेली खड्ड्यात. आधी ग्लुकोज द्या आणि डॉक्टरांना फोन करा.

बाटलीचं नीट ऐका. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची. मग साखरपाणी प्यायचं आणि तिथून पाच तास थेंब न् थेंब बाटलीत. पाचवा तास भरताना शेवटची एकदा करायला लावायची. ‘संडासला गेलो तेव्हा थोडी तिकडेच गेली’ हे आम्ही हमखास ऐकायचो, आणि तेवढ्यानेही आकडा खाली येतो. वडिलांना प्रोस्टेटचा त्रास असेल आणि मूत्राशय पूर्ण रिकामं होत नसेल, तर तेही आधी सांगा. उलटी झाली तर लपवू नका. २५ ग्रॅमने काहींना मळमळतं किंवा जुलाब होतात.

जुन्या मधुमेहात मूत्रपिंड मंदावलेलं असू शकतं, जठरही सावकाश रिकामं होतं. मग आतडं ठणठणीत असूनही लघवीत साखर कमी दिसते. त्यांचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड किती काम करतंय हे सांगणारा रक्तातला आकडा, वाढलेलं असेल, तर रक्तातलं झायलोजही मोजाल का, असं डॉक्टरांना स्पष्ट विचारा. अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर तेही कानावर घाला.

आकडा खरोखरच कमी आला, तरी आजाराचं नाव त्यातून कळत नाही. गव्हाच्या ग्लुटेनमुळे होणारा सिलिअ‍ॅक असेल, ट्रॉपिकल स्प्रू हा उष्ण प्रदेशांत आढळणारा, अन्न नीट शोषू न देणारा आतड्याचा आजार असेल, नाहीतर आतड्यात माजलेले जंतूच साखर फस्त करत असतील. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने स्प्रूवर वर्षानुवर्षं काम केलं. दक्षिणेतल्या खेड्यांत काही तक्रार नसलेल्या माणसांचं झायलोजही कमी भरलेलं आढळलंय. म्हणून पुढे सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी आणि दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढणं आलंच. तुकडा म्हटल्यावर घरचे दचकतात, पण तो तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतो.