काही त्रास नसताना स्तनांची तपासणी का करून घ्यावी?

आपले वय ४३, घराण्यात कोणाला कर्करोग नाही, अंगावर कसलाही त्रास नाही. मग स्तनांची तपासणी नियमित करून घेण्यात काही अर्थ आहे का, असे आपण विचारले आहे. नऊ वर्षांपूर्वी, वयाच्या ५१ व्या वर्षी, माझाही हाच समज होता. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मधुमेह आहे, कर्करोग नाही. स्तनांचा कर्करोग झालेल्या बहुतेक स्त्रियांच्या घराण्यात तो आधी कोणाला झालेला नसतो, हे मला फार उशिरा कळले.

कार्यालयातल्या आरोग्य शिबिरात मी केवळ साखर तपासायला गेले होते. "आलाच आहात तर बघून घेते," असे म्हणून तिथल्या परिचारिकेने मला पडद्याआड नेले. तिची तीन बोटे काखेकडे सरकताना एका जागी थांबली, पुढे गेली आणि परत तिथेच आली. "ताई, ही गाठ कधीपासून आहे?" मला गाठ असल्याचाच पत्ता नव्हता. वाटाण्याएवढी, टणक, दाबली तरी न दुखणारी. दुखत नाही म्हणजे काळजीचे कारण नाही असे आपण धरून चालतो, पण कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

मॅमोग्राफी (म्हणजे स्तन दाबून काढलेला एक्स-रे), सोनोग्राफी आणि बायॉप्सी (म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणी) यांनंतर कर्करोगाचे निदान पक्के झाले. रोग काखेतल्या ग्रंथींपर्यंत पोहोचला नव्हता, म्हणून स्तन न काढता गाठ तेवढी काढता आली. पुढे रेडिएशन आणि पाच वर्षे रोज एक गोळी. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी मात्र मुलीचे लग्न उरकेपर्यंत गाठ लपवून ठेवली होती. त्यांना आधी केमोथेरपी घ्यावी लागली आणि नंतर संपूर्ण स्तन काढावा लागला.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासले. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू त्यामुळे जवळपास ३० टक्क्यांनी घटले, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात. पन्नाशीच्या आत तसा स्पष्ट लाभ दिसला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. आपल्या वयात स्तनांची घडण दाट असल्यामुळे मॅमोग्राफीतही गाठ झाकली जाऊ शकते; म्हणून मॅमोग्राफी कधीपासून आणि किती वर्षांनी करायची, सोबत सोनोग्राफी हवी का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. हाताने होणाऱ्या तपासणीसाठी मात्र थांबू नये. सरकारी कार्यक्रमात ती तिशीपासून करतात. खोटी धास्तीही कधीकधी बसते. माझ्या धाकट्या बहिणीला पुन्हा बोलावले, ती दोन रात्री झोपली नाही आणि शेवटी निघाली पाण्याची साधी गाठ. तरीही ती आता नेमाने जाते.

मॅमोग्राफी शक्यतो पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात करावी, कारण तेव्हा दाबल्यावर कमी दुखते. त्या दिवशी काखेत पावडर लावू नये, तिचे कण फिल्मवर ठिपक्यांसारखे दिसतात. आणि जुन्या फिल्म टाकून देऊ नयेत. माझ्या कपाटात साड्यांखाली अशी नऊ पाकिटे आहेत. दर वर्षी मी ती सोबत नेते आणि डॉक्टर आधी गेल्या वर्षीची फिल्म उजेडावर धरतात.