क्यूबच्या रजिस्टरमध्ये इंजिनिअरिंग कुठे आहे?

प्रश्न : सिव्हिलची पदवी घेऊन आठ महिने झाले. एका इमारतीच्या साइटवर ज्युनिअर इंजिनिअर आहे. दिवसभर क्यूब (काँक्रीटची ताकद तपासायचे नमुन्याचे ठोकळे) भरून घ्यायचे, त्यांवर तारीख टाकायची, काँक्रीटच्या गाड्यांची चलनं फाइलला लावायची. हे तर बारावी झालेला पोरगाही करेल. चार वर्षं शिकलो ते यासाठी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : क्यूब भरणं बारावीवाल्याला जमेल, हे कबूल. १५० मिमीचा साचा, तीन थर, प्रत्येक थराला सळईचे किमान ३५ ठोके, दुसऱ्या दिवशी साचा सोडवून क्यूब पाण्यात. पण तो क्यूब कोणत्या कॉलमचा आणि तो नापास झाला तर त्या कॉलमचं काय करायचं, हे त्याला विचारून पाहा. आणि स्वतःलाही विचारा. नोंद तुम्ही करता, तिचा शेवट दुसराच कुणी पाहतो. तुमचा कंटाळा बहुधा तिथला आहे.

रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवा : काँक्रीटचा माल नेमका कुठे पडला. ‘तिसरा मजला’ नको, ग्रिड नंबर (नकाशावरच्या आडव्या-उभ्या रेघांचा क्रमांक) लिहा. मग २८व्या दिवशी क्यूब फोडताना लॅबमध्ये स्वतः हजर राहा. क्यूबचं तोंड २२,५०० चौरस मिमीचं, म्हणजे एम-२५ साठी (चौरस मिमीला २५ न्यूटन ताकदीचं काँक्रीट) मशीनचा काटा साधारण ५६२ किलोन्यूटनच्या पुढे जायला हवा. एका नमुन्याच्या तीन क्यूबपैकी एखादा त्यांच्या सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त लांब गेला, तर तो नमुनाच बाद. अशा वेळी दोष काँक्रीटचा असेलच असं नाही. ठोके कमी पडलेले असतात, नाहीतर क्यूब रात्रभर उघड्यावर सुकलेला असतो. म्हणजे चांगल्या स्लॅबवर संशय येतो, तो साच्यापाशी कुणी उभं नव्हतं म्हणून.

चलनाचंही तसंच. मिस्त्री म्हणतो, “साहेब, माल कडक आलाय, थोडं पाणी मारू द्या.” गाडीत ६ घनमीटर माल, घनमीटरला ३२० किलो सिमेंट आणि १६० लिटर पाणी धरा. पाणी-सिमेंट प्रमाण ०.५०. त्यात पाइपने १०० लिटर सोडलं की ते ०.५५ च्या घरात. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात ‘मॉडरेट’ म्हणजे हवा-पाण्याचा मध्यम मारा असलेल्या परिस्थितीतल्या आरसीसीला (सळया घातलेल्या काँक्रीटला) ०.५० ही कमाल मर्यादा आहे. अशा वेळी स्लंप (माल किती पातळ-घट्ट आहे ते मोजायची चाचणी) घ्या, आकडा चलनावर लिहा, प्लांटच्या माणसाला बोलवा; अ‍ॅडमिक्स्चर (माल पाण्याविना सैल करणारं रसायन) वाढवायचं की गाडी परत न्यायची, ते त्याला ठरवू द्या. पाण्याला ‘नाही’ म्हणायला पदवी लागते. थोडा निगरगट्टपणाही लागतो, आणि तो कॉलेजात शिकवत नाहीत.

दोनेक महिने हे नीट केलंत की वरिष्ठांकडे एक छोटं काम पूर्ण मागा. पाण्याची टाकी किंवा जिन्याचा एक टप्पा चालेल. बार बेंडिंग शेड्यूलपासून (सळया कापण्या-वाकवण्याचा तक्ता) टेकू काढेपर्यंत सगळं तुमच्याकडे. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (स्पॅनच्या) स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी निघतात, त्याहून मोठ्याचे १४ दिवसांनी. ‘का?’ याचं उत्तर आधी कागदावर मांडून मगच विचारायला जा.

पगार कमी असेल, तर तो याने वाढणार नाही. तो हिशेब वेगळा ठेवा. मात्र तुमच्या साइटवर क्यूब न भरताच आकडे लिहिले जात असतील, तर तिथे थांबू नका. पुढच्या मुलाखतीला साइटवरच जा आणि क्युरिंगची टाकी (क्यूब पाण्यात ठेवायची) कुठे आहे ते विचारा. टाकीत पाणी आहे का, आणि क्यूबवर तारखा आहेत का, ते बघून घ्या.